प्रार्थनेने घडलेले जीवन : रेव्हरंड ना. वा. टिळक



घरभेटीला गेलो की एक तक्रार आमच्या कानी हमखास पडते. फादर, प्रार्थना करून करून थकलो, पण देव काही ऐकत नाही. मुलाला नोकरी लागत नाही, धन्याची दारू सुटत नाही, आजार हटत नाही. नोव्हेना झाल्या, नाशिकरोडला बाळ येशूपुढे मेणबत्त्या लावून झाल्या, हरेगावच्या मतमाउलीला पायी जाऊन आलो, मग राहिले काय? या प्रश्नामागे दुःख असते, म्हणून त्याला झटपट उत्तर देणे आम्हाला बरे वाटत नाही.

कधी कधी याहून अवघड प्रश्न समोर येतो. एकाच घरातली दोन माणसे देवाकडे नेमके एकमेकांच्या उलट मागणे मागतात. बापाला वाटते, मुलाने आपले ऐकावे. मुलगा मागतो, बापाचे मन वळावे. बायको एक मागते, नवरा दुसरे. दोघेही मनापासून प्रार्थना करतात. अशा वेळी देवाने कोणाचे ऐकायचे?

या रविवारी आम्ही उपदेश करण्याऐवजी एक जीवन आपणापुढे ठेवत आहोत. ते आपल्या नाशिकच्या मातीशी जोडलेले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नाव आपल्यापैकी बहुतेकांना शाळेच्या पुस्तकातील कवितांमुळे ठाऊक आहे. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. ते कॅथोलिक नव्हते, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांनी सेवा केली. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली आपल्याला स्पष्ट शिकवले आहे, की आपल्यापासून विभक्त झालेल्या बांधवांमध्ये पवित्र आत्म्याने जे कार्य केले, ते ओळखावे आणि त्यातून आपणही शिकावे. टिळकांची भजने आज मराठी ख्रिस्ती माणूस कोणत्याही पंथाचा असो, आपली म्हणूनच गातो.

नाशिकचा विद्यार्थी

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. घर चित्पावन ब्राह्मणाचे. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व स्वभावाने फार कडक. आई जानकीबाई भक्तिभावाची, कवितेची आवड असलेली. देवाशी बोलायचे कसे आणि शब्दांवर प्रेम करायचे कसे, हे दोन्ही संस्कार मुलाला आईकडून मिळाले. पण तो लहान असतानाच आई वारली, आणि घर त्याला परके झाले. आईविना पोरका झालेला तो मुलगा नाशिकला आला.

येथे त्याला गणेशशास्त्री लेले यांच्यासारखे विद्वान गुरू लाभले. त्यांच्याजवळ त्याने संस्कृतचे शिक्षण घेतले. गोदावरीचा घाट, पहाटेचे स्नान, मंदिरांतील कीर्तने, पुराणे, संतांचे अभंग या वातावरणात त्याचे मन घडले. पुढे टिळक आयुष्यभर मानत आले, की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या भक्तीचा पूल ओलांडून. म्हणजे येशूला भेटण्यापूर्वीही देवाची ओढ त्यांच्या ठायी होती. ख्रिस्ती धर्मशिक्षण आपल्याला हेच सांगते. माणूस देवाला शोधू लागतो, त्याआधीच देवाने त्याला हाक मारलेली असते. आपली प्रार्थना म्हणजे त्या हाकेला दिलेली ओ असते.

सुमारे 1880 साली टिळकांचे लग्न झाले. मुलगी नाशिकजवळच्या गोदाकाठच्या जलालपूरची, गोखल्यांच्या घरातली, वय अवघे अकरा वर्षे. माहेरचे नाव मनकर्णिका, सासरी त्या लक्ष्मी झाल्या. याच पुढे स्मृतिचित्रे लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांच्या माहेरी सोवळेओवळे इतके कडक, की घरातील माणसे त्याखाली दबून गेलेली असत. शिवाशिवीची ही भीती घेऊनच त्या सासरी आल्या. पुढच्या कथेत ही गोष्ट महत्त्वाची आहे.

टिळक एका जागी टिकणारे गृहस्थ नव्हते. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी पुराणिक, कधी छापखान्यात, कधी मासिकाचे संपादक. आज या गावी, उद्या त्या गावी. हाती पैसा आला की वाटेत भेटलेल्या गरजूला देऊन मोकळे व्हायचे, आणि घरी चूल पेटायची कशी याची चिंता बायकोने करायची. राग तर नाकाच्या शेंड्यावर. लेकरू दगावल्याचे दुःखही या जोडप्याने सोसले. या भटकंतीमागे केवळ चंचलपणा होता असे आम्हाला वाटत नाही. जातीपातीने फाटलेल्या आपल्या लोकांना एकत्र आणील असा धर्म असावा, देव सर्वांचा पिता व माणसे परस्परांची भावंडे व्हावीत, ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. नागपुरात असताना त्यांनी धर्मविषयक मासिक चालवले, ग्रंथ चाळले, विद्वानांशी वाद केले. पण वादाने मनाची भूक भागत नाही.

आगगाडीतील भेट

1893 साली टिळक नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा कवितेवरून धर्मावर आल्या. त्या गृहस्थांनी आपल्या तरुण सहप्रवाशाशी आदराने संवाद केला, त्यांच्यासाठी प्रार्थना केली, नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती दिली आणि दोन वर्षांच्या आत ते ख्रिस्ती होतील असे भाकीतही केले. टिळकांनी ते फारसे मनावर घेतले नाही. पण पुस्तक वाचण्याचे वचन दिले होते, म्हणून हाती पेन्सिल घेऊन, खुणा करत ते वाचू लागले.

मत्तयच्या शुभवर्तमानातील पाचव्या, सहाव्या आणि सातव्या अध्यायापाशी ते थबकले. प्रभू येशूचे डोंगरावरील प्रवचन वाचताना त्यांना पुढे जाववेना. ज्या प्रश्नांची उत्तरे ते वर्षानुवर्षे शोधत होते, ती तेथे होती. याच प्रवचनाच्या मध्यभागी प्रभूने शिकवलेली प्रार्थना आहे. आपण ती रोज म्हणतो, कित्येकदा घाईघाईने म्हणतो. परंतु तिच्या पहिल्याच शब्दांत काय आहे ते पाहा. देव पिता आहे, आणि तो माझा एकट्याचा नसून आमचा आहे. ज्या माणसाला जातिभेद जाळत होता, त्याच्यासाठी या दोन गोष्टी केवढ्या मोठ्या असतील याची कल्पना करावी. आमचा असे म्हटले की शेजारी उभा असलेला माणूस, तो कोणत्याही जातीचा असो, भाऊ झालाच. ही प्रार्थना खऱ्या अर्थाने म्हणणाऱ्याला शिवाशीव पाळता येत नाही.

सत्य पटणे आणि ते स्वीकारणे यांमध्ये मोठे अंतर असते. टिळकांना दिसत होते, की बाप्तिस्मा घेतला तर नोकरी जाईल, मित्र तुटतील, जात वाळीत टाकील आणि सर्वांत मोठे म्हणजे पत्नी व लहानगा दत्तू दुरावतील. अशा वेळी युक्तिवाद माणसाला पलीकडच्या तीरावर नेत नाही. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो. देवाच्या अस्तित्वाचे पुरावे कसे मांडावेत, हे तेथे शिकवले गेले आणि त्याचा उपयोगही आहे. पण पुरावा देवाविषयी बोलतो, प्रार्थना देवाशी बोलते. टिळकांनी हे दुसरे पाऊल टाकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा स्वीकारला. आगगाडीतील त्या भाकितातली दोन वर्षे जवळजवळ पूर्ण झाली होती.

एक गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. आगगाडीतील त्या गृहस्थांनी टिळकांसाठी प्रार्थना केली आणि ते आपल्या वाटेने निघून गेले. टिळकांना तेव्हा त्यांचे नावही ठाऊक नव्हते. आपण ज्याच्यासाठी प्रार्थना करतो, त्याच्या जीवनात पुढे काय घडले हे आपल्याला कळेलच असे नाही. पेरणारा एक, कापणी पाहणारा दुसरा.

दोन मागणी

टिळकांच्या बाप्तिस्म्याची बातमी आली तेव्हा लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या. त्या धक्क्याने त्या कोलमडून गेल्या. त्या काळी नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे तो जातीला मेला. बायको ना सधवा, ना विधवा. पदरी लहान मूल. लोकांची सहानुभूतीही टोचणारी. पुढची चार-साडेचार वर्षे त्यांनी नातेवाइकांच्या आधाराने काढली. त्यांतला मोठा काळ त्या पंढरपुरात होत्या.

आता दोघांच्या मनातले मागणे पाहा. लक्ष्मीबाईंना हवे होते, की नवऱ्याने प्रायश्चित्त घेऊन परत जातीत यावे. टिळकांना हवे होते, की पत्नीने आपल्यासोबत राहावे आणि ज्या प्रभूने आपल्याला शांती दिली त्याला तिनेही ओळखावे. एक अहमदनगरला, एक पंढरपुरात. दोघांचे डोळे ओले, दोघांची हाक खरी. देवाने कोणाचे ऐकावे?

देवाने काय केले ते सावकाश घडत गेले. टिळकांनी पत्रे पाठवणे थांबवले नाही. प्रेम कमी होऊ दिले नाही, आणि जबरदस्तीही केली नाही. कायद्याचा बडगा किंवा नवरेपणाचा हक्क दाखवून बायकोला ओढून आणणे त्या काळी अशक्य नव्हते. पण ज्याने आपले माणूस देवाच्या हाती सोपवले आहे, तो त्याला ओढत नाही, वाट पाहतो. तापट टिळकांना वाट पाहता आली, यातच आम्हाला प्रार्थनेचे पहिले फळ दिसते.

अखेर लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नवऱ्याजवळ आल्या, पण आपल्या अटींवर. त्यांचे पाणी वेगळे, चूल वेगळी, सोवळे वेगळे. टिळकांनी ते मान्य केले. एका छपराखाली दोन धर्म नांदू लागले. मग लक्ष्मीबाईंच्या मनात हळूहळू विचार सुरू झाला. माणसे तर देवाने निर्माण केली, मग हे उच्चनीच भेद केले कोणी? देवाने की माणसांनी? हे भेद माणसांनीच निर्माण केले, हे एकदा उमगल्यावर त्यांनी मागे पाहिले नाही. कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या मोकळ्या झाल्या. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तो त्यांनी स्वतःच्या बुद्धीने आणि स्वतःच्या पायांनी चालत येऊन घेतला.

तर मग टिळकांची प्रार्थना ऐकली गेली व लक्ष्मीबाईंची नाही, असे म्हणायचे का? आम्हाला तसे वाटत नाही. लक्ष्मीबाईंच्या मागण्याचे वरचे टरफल होते जातीत परत येणे. आतला गर होता मोडलेला संसार पुन्हा जुळावा. तो जुळला. टिळकांनाही जे मिळाले ते त्यांनी मागितले त्याहून अधिक होते. त्यांना आज्ञाधारक बायको मिळाली नाही. त्यांना त्यांच्या तोडीची, प्रसंगी त्यांचे कान धरणारी, श्रद्धेत भक्कम असलेली सोबतीण मिळाली. देवाने दोघांचे शब्द बाजूला सारले आणि दोघांची मने ऐकली.

तेराव्या शतकातील थोर धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी प्रार्थनेविषयी जे शिकवले, ते या ठिकाणी नीट समजते. देवाचे मन बदलावे म्हणून आपण प्रार्थना करत नाही. देवाने जे आपल्याला प्रार्थनेच्या मार्गाने द्यायचे योजले आहे, ते घेण्यास आपण योग्य व्हावे म्हणून करतो. तहसील कचेरीत अर्ज देतात, साहेबाने शिक्का मारला की काम होते, नाहीतर अर्ज पडून राहतो. आपली प्रार्थना अशी नाही. ती शेताला दिलेल्या पाण्यासारखी आहे. पाणी दिल्याबरोबर कणीस येत नाही, पण जमीन त्याच क्षणापासून बदलू लागते.

संत मोनिका यांचे उदाहरण आपल्याला ठाऊक आहे. मुलगा ऑगस्टीन भरकटला म्हणून या मातेने कित्येक वर्षे अश्रू ढाळले. त्याने इटलीला जाऊ नये अशी तिची विनवणी होती, पण तो तिला चुकवून गेलाच. तिच्या त्या दिवशीच्या मागण्याला नकार मिळाला. परंतु त्याच इटलीत, मिलान शहरी, 387 साली संत अँब्रोज यांच्या हस्ते ऑगस्टीनने बाप्तिस्मा घेतला. देवाने आईचे त्या दिवसाचे मागणे नाकारले, आणि जन्मभराचे मागणे पुरवले.

मायबोलीतील प्रार्थना

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, राहिले. काही काळ राहुरीलाही त्यांचे वास्तव्य होते. त्यांनी धर्मशिक्षण देण्याचे काम केले, 1904 साली त्यांना मंडळीच्या सेवेसाठी दीक्षा मिळाली, आणि 1912 पासून त्यांनी ज्ञानोदय या पत्राच्या मराठी विभागाचे संपादन केले. दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांना या जोडप्याने आपल्या घरात घेतले. स्वतःचे पोट भरण्याची पंचाईत असताना पंगतीला पाने वाढतच गेली.

पण प्रार्थनेच्या दृष्टीने त्यांचे मोठे काम वेगळेच आहे. त्या काळी मराठी ख्रिस्ती मंडळीत अनेक गीते इंग्रजी चालींवर, इंग्रजीवरून भाषांतरित केलेली असत. शब्द मराठी, पण बोलण्याची ढब परकी. खेड्यातला माणूस ती म्हणायचा, मात्र ती त्याच्या काळजातून येत नसत. टिळकांनी अभंग, ओवी, पदे लिहिली. टाळ, मृदंग, वीणा यांच्या साथीने येशूचे नाव घेतले. ख्रिस्ती कीर्तने केली. संतांनी विठ्ठलाला जशी माउली म्हणून हाक मारली, तशी त्यांनी ख्रिस्ताला माउली म्हणून साद घातली. त्यांनी शेकडो भजने रचली. लिहिता-वाचता न येणारी आजीबाईसुद्धा शेतात निंदणी करताना प्रार्थना करू लागली, कारण प्रार्थना तिच्या जिभेवर बसली होती.

ही परंपरा आपल्या कॅथोलिक मंडळीलाही नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स या येशूसंघीय धर्मगुरूंचे ख्रिस्तपुराण 1616 साली साष्टीत, राचोल येथे छापले गेले, तेही मराठी ओवीत. मात्र आपली उपासना दीर्घकाळ लॅटिनमध्ये चालली. 1963 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला स्थान दिले, आणि मग मिस्सा मराठीत होऊ लागली. आज आपण मिस्सामध्ये मराठीत उत्तरे देतो, मराठीत गातो. हे दान किती मोठे आहे याचा विसर पडू नये. ज्या भाषेत आपण रडतो, भांडतो, लेकराला जोजवतो, त्याच भाषेत देवाशी बोलायला मिळणे ही लहानसहान गोष्ट नाही.

आम्ही पाहतो, की काही घरांतून मुलांना प्रार्थना फक्त इंग्रजीत शिकवल्या जातात. इंग्रजी यावी, त्यात वावगे काही नाही. पण आजीला नातवाची प्रार्थना कळत नसेल, तर संध्याकाळी दोघे मिळून माळ कशी म्हणणार? मुलांना आमच्या बापा व नमो मरीये मराठीतही पाठ असावे, अशी आमची आपणा सर्वांना विनंती आहे.

प्रार्थनेची किंमत

टिळक प्रार्थना करत म्हणून ते संत झाले, असे चित्र रंगवणे खोटे ठरेल. त्यांचा राग गेला नाही. पैशाचा हिशेब त्यांना अखेरपर्यंत जमला नाही. लक्ष्मीबाईंनी स्मृतिचित्रे या आत्मकथनात त्यांचे हे सारे गुणदोष हसत हसत, पण काहीही न लपवता लिहिले आहेत. प्रार्थना करणाऱ्याच्या घरीही भांडणे होतात, मीठ-पीठ संपते. आम्हाला यात दिलासा वाटतो. आपण चांगले झाल्यावर प्रार्थना करायची असते असे नाही, आहोत तसे जायचे असते.

परंतु खरी प्रार्थना माणसाला कधीतरी मोठे पाऊल उचलायला लावतेच. 1917 साल उजाडले तेव्हा टिळक पंचावन्न वर्षांचे होते. नाव झाले होते, मिशनचा ठरलेला पगार होता. त्यांनी तो सोडला. आपल्या देशबांधवांनी ख्रिस्ताला परक्यांचा देव समजू नये, त्याच्या सेवकाकडे पगारी चाकर म्हणून पाहू नये, यासाठी संन्याशाप्रमाणे देवाच्या भरवशावर राहावे, असे त्यांना प्रार्थनेत दिसले. साताऱ्याला त्यांनी देवाचा दरबार नावाचा आश्रम सुरू केला. ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्यांनी, मग त्यांचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, भावंडांसारखे एकत्र यावे ही त्यामागची कल्पना होती.

या वयात चालू पगार सोडणे म्हणजे काय, हे आपल्यातील संसारी माणसांना वेगळे सांगायला नको. त्याची झळ टिळकांइतकीच लक्ष्मीबाईंना बसली. ज्यांनी एकदा नवऱ्याच्या श्रद्धेपायी सारे गमावले होते, त्यांच्यावर दुसऱ्यांदा अनिश्चिततेत उडी घेण्याची वेळ आली. थोर पुरुषांच्या चरित्रात हा भाग बहुधा एका ओळीत उरकतात. आम्हाला तो तसा उरकावासा वाटत नाही. आपण देवाला काही अर्पण करतो, तेव्हा त्या अर्पणात घरच्यांचाही वाटा असतो. म्हणून असे निर्णय एकट्याने प्रार्थना करून घ्यायचे नसतात. पती-पत्नीने एकत्र गुडघे टेकून घ्यायचे असतात.

देवाचा दरबार फार दिवस चालला नाही. टिळकांची प्रकृती ढासळली आणि 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ख्रिस्तायन हे येशूच्या जीवनावरील महाकाव्य त्यांनी हाती घेतले होते, तेही अपुरेच राहिले. जगाच्या हिशेबाने पाहिले तर आश्रम विखुरला, काव्य अर्धवट, बायकोच्या पदरी शिल्लक काही नाही. मग शेवटची प्रार्थना वाया गेली का?

याचे उत्तर लक्ष्मीबाईंनी दिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, घरीच अक्षर गिरवलेल्या या बाईंनी नवऱ्यामागे खचून न जाता पडेल ते काम केले, आणि पुढे अपुरे ख्रिस्तायन स्वतः लिहून पूर्ण केले. एके काळी ज्यांना नवऱ्याचा ख्रिस्त नकोसा होता, त्यांच्याच लेखणीतून त्या ख्रिस्ताची कथा पुरी झाली. त्यांची स्मृतिचित्रे मराठी भाषेतील सर्वोत्तम आत्मचरित्रांत गणली जातात. 24 फेब्रुवारी 1936 रोजी लक्ष्मीबाईंनी आपल्या नाशिकमध्येच देह ठेवला. ज्या गोदाकाठी त्यांचा जन्म झाला, तेथेच त्यांची यात्रा संपली.

आपल्यासाठी

बंधुभगिनींनो, या जीवनातून आपण काय घ्यावे? आम्ही चार साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली, प्रभूने शिकवलेली प्रार्थना दिवसातून एकदा तरी सावकाश म्हणावी. आमच्या या शब्दापाशी थांबावे आणि ज्याला आपण मनातून वगळले आहे, अशा एका माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे आणावा. शेजारी असेल, भाऊबंद असेल, दुसऱ्या जातीतून आलेला आपल्याच धर्मग्रामातील कोणी असेल. मंडळीत येऊनही जात मनातून गेली नसेल, तर ती प्रार्थना आपल्या ओठांवर अडखळली पाहिजे.

दुसरी, घरात मतभेद असतील तर देवाने समोरच्याला बदलावे, एवढेच मागू नये. दोघांसाठी मागावे, आणि मागून झाल्यावर टिळकांसारखी वाट पाहावी. पत्र लिहिणे, बोलणे, जेवणाचे ताट वाढणे थांबवू नये. ज्याच्यासाठी प्रार्थना करतो त्याच्याशी अबोला धरणे म्हणजे एका हाताने पेरणे आणि दुसऱ्या हाताने उपटणे.

तिसरी, संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना पुन्हा सुरू करावी. टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. पूर्ण माळ जमत नसेल तर एक दशक म्हणा, एक भजन म्हणा. पंधरा मिनिटे पुरेत. लहान मुलाला सुरुवात करू द्या.

चौथी, ज्या मागण्याला उत्तर मिळालेले नाही, ते आज मिस्सामध्ये अर्पणाच्या वेळी भाकरी व द्राक्षरसाबरोबर वेदीवर ठेवा. वरचे टरफल कोणते, आतला गर कोणता, हे प्रभूला विचारा. गर तो नक्की ऐकतो. मुलाची नोकरी, धन्याची दारू, आईचे दुखणे यांसाठी मागणे सोडू नका. प्रभूनेच आपल्याला मागत राहायला, ठोठावत राहायला शिकवले आहे. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमनी बागेत त्याने स्वतः प्याला टळावा म्हणून मागितले होते, आणि शेवटी सर्व काही पित्याच्या इच्छेवर सोपवले होते. प्याला टळला नाही. पण तिसऱ्या दिवशी कबर रिकामी झाली.

हे प्रेमळ पित्या, ज्यांच्या प्रार्थनेला अजून उत्तर मिळालेले नाही त्यांना धीर दे. जी घरे दुभंगली आहेत ती जोड. आम्हाला आमच्या मायबोलीत, मोकळ्या मनाने, तुझ्याशी बोलायला शिकव, आणि तू जे देशील ते घ्यायला आमचे हात तयार कर. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे. आमेन.

आपले धर्मगुरू